अंतराळातला पुकारा

लग्न होऊन मी रत्नागिरीत मांडवीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी शेजारच्या घरात एका माणसाला गोळी घातल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

आधी त्याच्या नावाचा पुकारा झाला. "पांडुरंग सखाराम घाऽऽग, हाजिर हाऽऽय?" आवाज असा, की आमच्या कौलांवरचा कावळा उडाला. पुन्हा तेच नाव. मग तिसऱ्यांदा. क्षणभर शांतता. मग तोच आवाज कोरडेपणानं म्हणाला, "गैरहजर. एकतर्फी निकाल." आणि पाठोपाठ ठ्यां! ठ्यां! आणि काहीतरी कोसळल्यासारखा मोठा धडाका.

माझ्या हातातली कपबशी खाली पडली. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे भांडणं होतात, नाही असं नाही. पण नाव पुकारून, रीतसर निकाल सांगून माणूस मारायची पद्धत मी कधी ऐकली नव्हती. सासूबाई बाहेर अंगणातल्या खळ्यात उन्हात घातलेली खारी मासळी उलटत बसल्या होत्या. मी धावत गेले. "आई, शेजारी कुणीतरी कुणालातरी मारलं!"

त्यांनी मानही वर केली नाही. "नाना हायत ते. राक्षस मारतायत. साडेपाचपर्यंत चालंल. कपबशी फुटली काय गो?"

ही माझी आणि नाना शिवलकरांची ओळख.

नाना जिल्हा कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. न्यायाधीश आले, गेले, बदलले; नानांचा आवाज मात्र तोच राहिला. त्यांनी पुकारा केला की कोर्टाबाहेर चहा पिणारा पक्षकार कप तसाच टाकून पळत सुटायचा, असं सगळे सांगत. निवृत्त होताना त्यांनी छातीवरचा पट्टा सरकारजमा केला. आवाज काही सरकारजमा करता आला नाही. तो त्यांनी घरी आणला, आणि मग त्याचं करायचं काय, हा प्रश्न सगळ्या आळीला पडला.

म्हणजे एरवीही ते साधं बोलत नसत. कोळीण दारात आली की "बांगडेवाली हाजिर!" लाईट गेली की "कोर्ट तहकूब!" माझे मिस्टर कचेरीतून उशिरा आले, की गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडून प्रश्न यायचा, "समन्स मिळालं नव्हतं काय रे?" मांजरीने दुधात तोंड घातलं तर तिलाही आधी तोंडी ताकीद, मग काठी. "नोटीस दिल्याशिवाय कारवाई नाय," हे त्यांचं ब्रीद होतं.

पण हे राक्षस प्रकरण त्याच्या पलीकडचं होतं.

त्यांचा जावई वसंत बोटीवर होता. जपानला बोट लागली तेव्हा त्याने तिथून एक खेळाचं यंत्र आणलं. त्याच्याबरोबर त्यालाच चालणारा एक छोटा टीव्ही, आणि आपली वीज त्याला पचावी म्हणून मधे लावायचा एक जडच्या जड डबा, जो सारखा गुणगुणत असायचा. आणलं होतं मुलांसाठी. पण नानांची मुलगी प्रमिला मुंबईत राहायची, आणि तिने मुलांच्या अभ्यासाचा विचार करून ते सगळं रत्नागिरीला बापाच्या घरी पोचवलं. मे महिन्यात मुलं येतील तेव्हा खेळतील. तोवर राहू दे झाकून.

ते झाकून राहिलं नाही.

यंत्रात घालायची कॅसेट एकच होती. वसंत म्हणाला होता, की जपानात पोरांसाठी चित्रांची एक मालिका लागते, त्यावरून हा खेळ केला आहे. गोष्ट काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सगळी अक्षरं जपानी. मला जे खिडकीतून दिसलं ते असं. काळं आकाश, त्यात चांदण्या भसाभसा अंगावर येतात. आपण म्हणजे एक डोंगराएवढा यंत्रमानव; हातात बंदूक. समोरून दुसरे यंत्रमानव येतात. हिरवा, मग परत हिरवा, मग तांबडा. त्यांना मारायचं. मग एक लांबलचक जहाज येतं, त्याच्या पोटात शिरायचं, बोगद्यातून उडत उडत जाऊन शेवटी एक लाल गोळा फोडायचा. सगळं पांढरंशुभ्र होतं, एक गाणं वाजतं, आणि पुन्हा चांदण्या. पुन्हा हिरवा. पुन्हा तांबडा. जसंच्या तसं. त्यात कणाचाही फरक नाही.

साठी उलटलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून, रोज दुपारी चारला पाटावर बसून हे करायचा. राक्षसांना तो "सदर इसम" म्हणायचा. आणि प्रत्येकाला नाव असायचं. ती नावं कोर्टातल्या जुन्या दाव्यांतली. आमच्याकडे फणसाच्या एका झाडावरून चुलत भाऊ म्हातारे होईपर्यंत भांडतात, त्यामुळे नावांना तोटा नव्हता. हिरवे सगळे एकाच बाजूचे, तांबडे दुसऱ्या बाजूचे. "काय फरक पडतो?" असं मी एकदा खिडकीतून विचारलं, तर नाना दुखावल्यासारखे झाले. "फरक कसा नाय? हिरवे वादी हायत. तांबडे प्रतिवादी."

"मग दोघांनाही का मारता?"

"आपल्या हद्दीत शिरले ना!"

अंतराळ हे रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एकदा तर आफतच आली. आळीच्या टोकाला शांताराम भाटकर नावाचे गृहस्थ राहायचे, आणि योगायोगाने जुन्या कुठल्याशा दाव्यातल्या एका पक्षकाराचं नावही तेच. रोज दुपारी ह्या भाटकरांना आपल्या नावाचा पुकारा ऐकू यायचा, आपण गैरहजर असल्याचं कळायचं, आणि मग आपला धडाका. काही दिवस त्यांनी सोसलं. मग एका दुपारी पुकारा चालू असतानाच ते लुंगी सावरत खिडकीशी येऊन ओरडले, "हाजिर हाय! हाजिर हाय, नाना! काय ता एकदाचं बोला!"

नाना क्षणभर थबकले. हातातली बटणं त्यांनी खाली ठेवली. पक्षकार हजर झाल्यावर एकतर्फी निकाल देता येत नाही, हे उघडच होतं. त्यांनी गोळी झाडली नाही. समोरच्या हिरव्याला कायद्याची काही पर्वा नव्हती. तो सरळ पुढे आला आणि त्याने नानांना उडवून दिलं.

"बगितलंस?" नाना भाटकरांकडे वळून कळवळून म्हणाले. "तुला सोडला, आणि तू मला मारलंस!"

भाटकर अक्षरशः हात जोडून घरी गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते नानांसमोर आले की अपराधी चेहरा करायचे.

आम्ही हसायचो. पण हसून झालं की आळीत एक दुसराच सूर लागायचा. कारण ह्याच घरात माई होत्या.

माई म्हणजे नानांच्या पत्नी. मी त्यांना धडधाकट पाहिलंच नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना बरंच काही घेऊन गेला. त्यांच्या डोक्यात काही राहीनासं झालं. सकाळचं दुपारी नाही, दुपारचं संध्याकाळी नाही. माणसं तर एकेक करून पुसली गेली. सासूबाई त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रीण. दोघींनी मिळून पापड लाटले होते, एकमेकींची बाळंतपणं काढली होती. सासूबाई सुरुवातीला रोज जायच्या. मग नानांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. सासूबाई वाटीत काही घेऊन गेल्या, की नाना उंबऱ्यावरच वाटी घ्यायचे आणि म्हणायचे, "कामकाज चालू असताना आत प्रवेश नाय."

सासूबाईंना ते फार लागलं. "ती बिचारी माजघरात एकटी पडलेली असणार," त्या म्हणायच्या, "आणि हा मेला बाहेरच्या खोलीत बसून राक्षस मारतोय! एवढी बायकोनं सेवा केली त्याची. लाज कशी वाटत नाय?"

खरं सांगायचं तर मलाही धक्का बसला होता. खिडकीतून नानांची पाठ दिसायची, टीव्ही दिसायचा. माई कधी दिसल्या नाहीत. इतक्या गमतीशीर माणसाच्या आत इतकं कठोर काही असेल, हे पटत नव्हतं, आणि रोज चारला तो पुकारा कानावर आला की नाकारताही येत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि प्रमिलाला सगळं सांगितलं.

प्रमिला एस.टी.ने आली ती आधी आमच्याकडे. प्रवासाने चेहरा उतरलेला, डोळे रडून सुजलेले. आईच्या तापाचं तिला कळलं होतं, पण आईला माणसंही ओळखू येत नाहीत हे ठाऊक नव्हतं. नाना फोनवर नेहमी सांगायचे, "आई बरी हाय." तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. "मी आईला घेऊन जाते," ती म्हणाली. "आजच्या आज. आणि ते यंत्र समुद्रात टाकते."

चार वाजायला आले होते. पुढचं दार लावलेलं असणार, म्हणून आम्ही तिघी मागच्या दाराने गेलो. विहिरीपाशी माईंची लुगडी स्वच्छ धुऊन वाळत घातली होती. स्वयंपाकघर झाडूनपुसून लख्ख. माजघरात अंथरूण होतं, त्यावर कुणीच नव्हतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट पकडला.

बाहेरच्या खोलीतून पुकारा ऐकू आला. प्रमिला रागाने पुढे झाली, आणि दारातच थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

दाराआड, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एक आरामखुर्ची होती. तीत माई बसल्या होत्या. केस विंचरून घट्ट अंबाडा घातलेला, त्यात अबोलीचा गजरा. अंगावर चांगलं लुगडं. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून त्या टीव्हीकडे पाहत होत्या, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेलं लहान मूल पाहतं तसं.

"आता कोण येणार हो?" त्यांनी श्वास रोखून विचारलं.

"तांबडा," नाना म्हणाले. "उजवीकडनं येईल. मी नाव घेईन त्याचं, मग आवाज होईल. घाबरायचं नाय."

"नाही घाबरत."

नानांनी नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. माईंनी प्रत्येक वेळी मान हलवली. मग गोळी झाडली, तांबडा फुटला, आणि माई खळखळून हसल्या. टाळ्या वाजवल्या. मग ते जहाज आलं, बोगदा आला, तो लाल गोळा फुटला, सगळं पांढरं झालं, गाणं वाजलं. माई अगदी शेवटपर्यंत पाहत राहिल्या. चित्र थांबलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं ओसरत गेलं. थोड्या वेळाने त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"गंमत हाय एक," नाना म्हणाले. "बघतेस?"

"दाखवा की."

आणि पुन्हा चांदण्या सुरू झाल्या.

सासूबाई मटकन दाराच्या चौकटीला टेकल्या. त्या आवाजाने नानांनी मागे पाहिलं. आम्हा तिघींना पाहून ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी नुसतं तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच उठून आमच्याजवळ आले.

"तू केव्हा आलीस गो?" ते प्रमिलाला म्हणाले.

"बाबा, हे मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सांगितलं असतं तर धावत आली असतीस, आणि आल्या आल्या तिला विचारलं असतंस, 'मी कोण, सांग बघू?' सगळे तेच करतात." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, पण त्या नजरेत राग नव्हता. "येणारा प्रत्येक जण तिची उलटतपासणी घेतो. मला ओळखलंस काय? माझं नाव काय? नाय सांगता आलं की चेहरा पडतो तिचा. मग रात्रभर रडते, आणि का रडते ता पण आठवत नाय. ह्या खेळात तिला कोण काय विचारीत नाय."

"पण रोज हेच? तेच तेच?" प्रमिलाचा आवाज चिरकला. "वसंत दुसरी कॅसेट आणणार होते."

"मीच नको म्हटलं. ह्यातलं सगळं मला पाठ हाय. कुठं मोठा आवाज होतो, कुठं एकदम अंधार येतो. तिला आधी सांगता येतं. अचानक काय झालं की दचकते ती. आणि तेच तेच म्हणशील," त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, "तर ता माझ्यासाठी. तिला रोज नवं."

 

प्रमिलाने डोळे पुसले आणि तरीही ती म्हणाली, "मुंबईला डॉक्टर आहेत, बाबा. मी तिला नेते. तुम्हीही चला."

"ने," नाना म्हणाले. "मी आडवा येणार नाय. आधी जरा बस तिच्याजवळ."

माईंनी आता आमच्याकडे पाहिलं होतं. पोटच्या मुलीकडे त्यांनी अनोळखी पाहुणीकडे पाहावं तसं पाहिलं, आणि अगत्याने हसल्या. "बसा ना, उभ्या का? आत्ताच सुरू होतंय."

प्रमिला काहीतरी बोलणार होती. ओठांवर आलेला शब्द तिने गिळलेला मी पाहिला. ती खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसली. नाना पाटावर परतले, पुकारा झाला, तांबडा आला, आणि भीतीने माईंनी शेजारच्या पाहुणीचं मनगट पकडलं. तांबडा फुटला, दुसरा आला, जहाज आलं, गाणं वाजलं; माईंनी ते मनगट सोडलं नाही. प्रमिलाने टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. ती फक्त स्वतःच्या मनगटावरच्या त्या हाताकडे पाहत होती.

ती काही दिवस राहिली. एका दुपारी नानांनी तिला बटणं दिली, तर पहिल्याच हिरव्याने तिला उडवलं, आणि माई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मुंबईहून आणलेली मोठी रिकामी बॅग रिकामीच परत गेली. जाताना तिने सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "लक्ष असू द्या," एवढंच.

सासूबाईंना नानांनी प्रवेश दिला, एका अटीवर. ओळख विचारायची नाही. त्यांनी अट शब्दशः पाळली. रोज चारला त्या दारात उभ्या राहून स्वतःच सांगायच्या, "मी इंदू, शेजारची." माई म्हणायच्या, "या ना, बरं झालं आलात." रोज नव्याने. घरी परतल्यावर सासूबाई बराच वेळ तांदळातले खडे वेचत बसायच्या, नसलेलेसुद्धा. पण खेळ चालू असताना मात्र त्यांचाच आवाज नानांपेक्षा मोठा लागायला लागला. "अहो नाना, डावीकडं! डावीकडं मेला तो!" पुढे पुढे शांताराम भाटकरही येऊन उंबऱ्याशी बसू लागले.

मीही जायचे. एका दुपारी मी एकटीच होते. खेळ एकदा संपला होता. नाना हात दुखले म्हणून बोटं चोळत बसले होते. माई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होत्या, नीट, निरखून. मग त्या संकोचाने म्हणाल्या,

"तुम्ही येता, बसता, मला फार बरं वाटतं. पण आता उशीर झाला. घरी तुमची बायको वाट बघत असेल. जा तुम्ही."

 नानांनी वर पाहिलं नाही. बोटं चोळायची थांबली तेवढी.

"तिला सांगून आलोय मी," ते म्हणाले.

"रागावणार नाही ना?"

"नाय. स्वभावानं चांगली हाय."

माईंच्या चेहऱ्यावरचा घोर उतरला. "मग बसा थोडा वेळ," त्या म्हणाल्या.

नाना पाटावरून उठले. माईंसमोरच्या रिकाम्या खुर्चीवर, पाहुणा बसतो तसे जरा कडेला, गुडघे जुळवून बसले.